बुट्टीखालचा दिवा

तिन्हीसांजेला डोळा लागू देऊ नये, लक्ष्मी दारावरून परत जाते, हे इंदूने जन्मभर ऐकलं आणि जन्मभर पाळलं. पण भादव्याचं ऊन असं, की माणूस आतून शिजून निघतं. दुपारभर परड्यातलं तण उपटून ती सोप्यातल्या खुर्चीत टेकते, घटकाभर पाठ सरळ करायला म्हणून, आणि पापण्या आपोआप जड होतात. खुर्ची वामनरावांची. खुर्चीच्या हातांवर अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे, की इंदूला तसा वाटतो, कोण जाणे. आतल्या खोलीत सासूबाई जपमाळ ओढतायत. त्यांच्या प्रश्नाची वेळ होत आली, एवढं इंदूला झोपेच्या काठावरही कळतं.

प्रश्न रोज तोच. "काय दिसलं का गं?"

ज्येष्ठात वामनराव रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. चालीप्रमाणे, ते गेले त्या जागी पीठ पसरलं, मधे दिवा ठेवला आणि वर बांबूची बुट्टी पालथी घातली. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याची पावलं पिठात उमटतात म्हणतात. कुणाच्या पिठात चिमणीचे पाय निघतात, कुणाच्या गाईचा खूर. वामनरावांच्या पिठात सकाळी काहीच नव्हतं. भावकीतला एक जाणता म्हणाला, "सुटला बघा. फेऱ्यातनंच सुटला." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "सुटला न्हवं, हरवला माझा ल्योक." तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या विचारतात, आणि इंदू रोज "न्हाई, आई" म्हणते. ते म्हणताना तिचा जीव कसा तुटतो, हे तिचं तिलाच माहीत.

कारण कोरं पीठ तिलाही सोसलेलं नाही. वामनराव वीज मंडळात वायरमन. खांबावर चढून रस्त्याचे दिवे बदलायचे, तेव्हा काचेत साचलेली पाखरं, म्हणजे दिव्यावरचे पतंग, बघून त्यांना हा नाद लागला. परड्यात शेवगा आणि पेरूच्या मधे लग्नातलं पांढरं धोतर ताणून बांधायचं, पुढे बल्ब सोडायचा, आणि येईल त्याची हजेरी घ्यायची. ते न्याहाळून सांगत, इंदू लिहून घेई. पतंगांना आपल्यात वेगवेगळी नावं कुठली? लहान असो की मोठा, सगळे पतंगच. म्हणून नावं इंदूने दिली, लुगड्यांवरून: इरकली, खणाची, चंद्रकळा, आणि ती लांब शेपटांची पोपटी आली की पोपटी शालू. गल्ली हसायची. म्हणायची, वायरमनला पेन्शन मिळाली आणि डोकं गेलं. हसणाऱ्याचे दात दिसतात, म्हणायचे वामनराव, आणि पुढचं पाखरू बघायचे. बोटभर किड्याची खूण ज्याला गावायची, त्याने बायकोसाठी एक खूण ठेवू नये?

"इंदे, पेन्सिल आण की."

आवाज परड्यातून येतो. धोतर बांधलेलं आहे. बल्ब तिने स्वतःच काढून स्वयंपाकघरात लावलाय, तरी धोतर उजळलंय, आणि उजेड मागच्या बाजूने येतोय. वामनराव पलीकडे उभे आहेत. त्यांची सावली तिला दिसते, कमरेला पक्कड लटकवलेली.

"पेन्सिल न्हाई," ती म्हणते. "तुम्ही गेल्यापासनं काय लिवलंच न्हाई."

"मग तोंडपाठ कर. चंद्रकळा आलीया. दोन खणाच्या. एक नुसतीच तपकिरी."

धोतरावर पाखरं येऊन आदळतात, टपटप, आणि त्या अक्षता आहेत. शेवगा आणि पेरू धोतराची टोकं धरून उभे आहेत. इंदूच्या हातात हार आहे आणि कपाळावर मुंडावळ्या. माणसं "सावधान" म्हणतात, हार पेलून तिचे हात अवघडतात. आता अंतरपाट खाली येईल, आता येईल. तो येत नाही. मंगलाष्टकं संपतात, वाजंत्री घरी जातात, तरी तो तसाच ताणलेला राहतो.

"खाली सोडा की हो," ती म्हणते.

"माझ्या हातात न्हाई ते, इंदे."

हा आवाज तिच्या शेजारून येतो. ते दोघं स्टँडाजवळच्या खांबाच्या टोकावर बसलेत, आणि बसायला जागा चांगली ऐसपैस आहे, सोप्यात असावी तशी. खाली गाव पसरलंय. प्रत्येक घरासमोर एक एक बुट्टी पालथी घातलेली, आणि काड्यांच्या फटींतून उजेडाचे बारीक धागे बाहेर आलेले. वामनरावांकडे बघायला तिला भीती वाटते. बघितलं आणि ते नसले तर? म्हणून ती खाली बघूनच विचारते, इतके दिवस मनात कोंडलेलं.

"तुम्ही त्या रात्री आला का न्हाई?"

"कुठं?"

"पिठावर. आईंनी वाट बघितली. मी बघितली. रातभर भिंतीला टेकून जागी हुते."

वामनराव हसतात. शॉक लागला तरी असेच हसायचे. "वायरमनची बायको तू, आणि एवढं कळंना व्हय? दिवा झाकून ठेवलासा तुम्ही. झाकल्या दिव्याकडं कोण कसं यील?"

इंदू खालच्या झाकलेल्या दिव्यांकडे बघते.

"आलतो की मी," ते हळू म्हणतात. "बुट्टीवर बसून हुतो रातभर. आतला उजेड दिसायचा, वाट गावायची न्हाई. तुझी मान पेंगून खाली जायची, ती बी दिसत हुती."

"मग मला का दिसला न्हाई?"

"तू पिठाकडं बघत हुतीस, इंदे. समदीच पिठाकडं बघत हुती."

आणि तिला आठवतं. सकाळी बुट्टी उचलली, तेव्हा तिच्या काठावरून एक तपकिरी पाखरू उडून आढ्याकडे गेलं होतं. कुणी मान वर केली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. इंदूला रडू कोसळतं. ती आता त्यांच्याकडे वळते, पण त्यांच्या जागी धोतराचा पांढरा उजेड आहे, आणि उजेडातून एक हात पुढे आलाय, खांबांनी घट्टे पडलेला.

"बोट दे," तो म्हणतो. "हिचं नाव राहिलंय."

तिच्या उजव्या बोटावर काहीतरी बसतं. त्याला वजन असं नाहीच, नुसती पायांची हुळहुळ. इरकली नाही, शालू नाही. नुसतीच तपकिरी.

"काय नाव देऊ हिला?" ती विचारते. "अहो?"

"इंदू! अगं ए इंदू! तिन्हीसांजेची झोपलीस व्हय?"

ती डोळे उघडते. सोपा अंधारलाय. परड्यात कुणी नाही, शेवगा आणि पेरूच्या मधे नुसती मोकळी जागा. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या आहेत, मोतीबिंदूचे डोळे तिच्या दिशेने लावून.

"काय दिसलं का गं?"

इंदू उत्तर द्यायला तोंड उघडते आणि उजव्या बोटाकडे बघते. बोटाच्या पेरावर पूड लागलीय, तपकिरी, बारीक, थोडी चमकणारी. ती वामनरावांची बायको आहे. झोपलेल्या माणसाच्या बोटावर पाखरू बसतं, उडतं, पंखांची पूड मागे राहते, हे तिला वेगळं सांगायला नको. त्यात नवल काही नाही. तरी तिचे डोळे भरून येतात, आणि रोजचं "न्हाई, आई" ती आज म्हणत नाही.

ती उठते आणि बोट सासूबाईंसमोर धरते. "हे बघा."

म्हातारीला काय दिसणार? त्या चाचपडत तिचा हात धरतात, बोटापर्यंत येतात, आणि आपलं बोट त्यावरून हलकेच फिरवतात. अर्धी पूड त्यांच्या बोटाला लागते. त्या ती अंगठ्याने चोळून बघतात, पुन्हा चोळतात.

"मऊ हाय," त्या म्हणतात. "ल्हान असताना त्याची टाळू अशीच हुती."

मग दिवेलागण टळून चाललीय हे इंदूच्या लक्षात येतं. काडी ती डाव्या हाताने ओढते, दिवाही डाव्याच हाताने लावते. असल्या गोष्टीवरून तिने आजवर कितीतरी जणींना बोल लावलेत. आज तिला उजवं बोट कशालाही लावायचं नाही. दिवा घेऊन ती परड्यात जाते आणि शेवग्याच्या बुंध्याशी ठेवते. वात फडफडते.

"वारं सुटलंय गं," सासूबाई मागून म्हणतात. "इझंल त्यो. बुट्टी झाक वरनं."

"नको, आई," इंदू म्हणते. "उघडाच असू द्या."