पाचवं दार

नवस बोलताना माझी जीभ अडखळली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझी मुलगी दोनदा लेकरू गमावून बसली होती. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच बाळंत झाली. ओंजळभर नात आदिलाबादच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि मी गावी देवीपुढं हात जोडून उभी होते. मनात मात्र एकच होतं, मी कोणत्या तोंडानं मागू?

आमच्या गावच्या देवीला ओटीत आलेल्या साड्या-लुगड्यांची ट्रंक देवळात असते आणि तिची किल्ली आमच्या घराकडं, म्हणजे माझ्या कमरेला. सहा वर्षांपूर्वी श्रावणात, निंदणाच्या बाया पावसात देवळाच्या मंडपात थांबल्या होत्या. त्यातल्या शांताबाईच्या सुनेला तिथंच कळा आल्या. तामसीहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत मुलगी झालीसुद्धा. शांताबाई माझ्याजवळ आली. “वैनी, एखादं लुगडं द्या. लेकरू गार पडून राह्यलं.” ट्रंक दहा पावलांवर होती. मी म्हणाले, “देवीचं आहे ते. विटाळ होईल.” तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःचा ओला पदर टरकावला. ते लेकरू जगलं, देवाची दया. गावानं मला सोवळं सांभाळलं म्हणून वाखाणलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं मुलीचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा मला तो पदर फाटल्याचा आवाज आठवला, आणि दुसऱ्या वेळीही.

ज्या घरी लेकरं टिकत नाहीत, तिथं नव्या जिवाच्या अंगाला घरचं सूत लावत नाहीत. पाच घरचे वापरलेले कपडे मागून आणतात. सासूबाई म्हणाल्या, “हुकूम केल्यावानी नको मागू, पदर पसर.” जन्मात मी कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. चार घरं कशीबशी झाली. पाचवं जावेचं ठरवलं होतं, तर तिथं कुलूप. कापूस वेचणीचे दिवस, सगळं गाव वावरात. आदिलाबादची बस यायला थोडाच वेळ होता. फाट्याकडं जाताना एकच दार उघडं दिसलं, शांताबाईचं. पाय मुरगळला म्हणून ती त्या दिवशी वेचणीला गेली नव्हती.

मी दारात नुसती उभी राहिले.

“काऊन वो वैनी, उनात उभ्या? या ना आत.”

“झबलं मागायला आले, शांताबाई.”

तिला सगळं समजलं. आत गेली, पत्र्याच्या डब्यातून पिवळं झबलं काढलं आणि हातात धरूनच म्हणाली, “आमच्या घरचं चालते काय? देवीले इचारून घ्या आदी.” आणि हसली. मी पदर पसरला होता तो तसाच तोंडावर घेतला. “त्या दिवशी मी कुलूप उघडलं नाही,” एवढंच मला बोलता आलं.

“नाई उघडलं. मी इसरली नाई ते,” ती म्हणाली. “पण तुमच्या नातीनं काय केलं माह्यं?” मग माझा पदर खाली ओढून झबलं त्यात टाकलं. “आमच्या पोरीचं हाय. तुमच्याच देवळात जलमली ते. निंघा आता, बस चुकन. रडाचं गाडीत रडा.”

गाडीत मी खरंच रडले. नर्सबाईनं ते झबलं धुऊन-उकळून घेतलं आणि नात पेटीबाहेर आली तेव्हा पहिल्यांदा तेच घातलं. तीन आठवड्यांनी ती घरी आली. डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला होता, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. झबल्यानं काय केलं, ते मी सांगू शकत नाही.

नवस शालूचा होता. पण आनंद इतका झाला होता की एका शालूत मावेना. दवाखान्यात मी पाहिलं होतं, पाड्यांवरून आलेल्या बाया उघड्यानागड्या लेकरांना छातीशी धरून बसतात आणि पौषातली आमच्याकडची थंडी हाडात शिरते. शाकंभरी पौर्णिमेला मी पंचांपुढं उभी राहिले, सहा वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं आणि ट्रंक उघडायची परवानगी मागितली. एकजण पुटपुटला, “देवीचं दवाखान्यात न्याचं?” सासूबाईच मागून बोलल्या, “देवी बाई नाई काय?” पंचांनी हो म्हटलं.

सुती लुगड्यांची दुपटी करायची ठरली, नायलॉनच्या साड्या बाळंतिणींना नेसायला. मी शिवायला बसले तर शांताबाई लंगडत आली आणि माझं काम पाहून म्हणाली, “हे टाके हायेत का वावराच्या सऱ्या? आणा इकडं. देवी तुमची, सुई माही.” ती बुद्धविहारात जाणारी, देवीला हात जोडत नाही. पण त्या चार दिवसांत माझ्या ओसरीवर जे शिवलं गेलं त्याला मी पूजाच म्हणते.

दवाखान्यात एका तेलुगू पोरीनं दुपटं उलटसुलट पाहिलं आणि घाबरत विचारलं, “एन्ता अम्मा?” किती पैसे? मला मोडकं तेलुगू येतं. म्हणाले, “अम्मवारिदि.” देवीचं आहे. तिनं ते आधी कपाळाला लावलं, मग लेकराला गुंडाळलं. इतकी वर्षं मी आरतीला उभी राहते, पण देवीला काही पोचल्याचं असं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नातीला कुणी वाचवलं, हे मी विचारत नाही आता. मला मागायला मात्र देवीनंच लावलं. रिकामा पदर घेऊन एकदा उभं राहिल्याशिवाय मला देता आलंच नसतं.