फिरतं यंत्र

शाळेत असताना हेमावती खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे. आता ती चेन्नईत अड्यारच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी ऑक्सिजनची, रक्तदाबाची यंत्रं महिन्याच्या वर्गणीवर घरोघर देते. गरज संपली की यंत्र परत आणायचं, दुरुस्त करायचं, पुढच्या घरी पाठवायचं. ते भंगारात जाऊ नये म्हणून सगळी व्यवस्था बसवणं हे हेमावतीचं काम. यंत्रावर आधीच्या घराची खूणही राहू द्यायची नाही, हा नियम तिचाच.

दिवाळीनंतर तिच्या सकवार आत्या इस्पितळातून तांबरमला घरी आल्या. रात्री ऑक्सिजन हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हेमावती यंत्र घेऊन आली तेव्हा मी शेजारधर्माने तिथेच होते.

"कोणाचं होतं गं हे?" आत्यांनी विचारलं.

"कंपनीचं. अगदी नव्यासारखं आहे."

"नव्यासारखं म्हणजे जुनंच की! दुसऱ्याच्या नाकातली नळी माझ्या नाकात?"

"नळी कोरी आहे, आत्या. गाळणीही बदललीय."

"तो माणूस कुठे आहे?"

आत्यांचा मुलगा शहाजी मागून खुणावत होता, बरा झाला म्हण. खोटं बोलायच्या नुसत्या विचाराने हेमावतीचे कान लाल झाले.

"वारले," ती म्हणाली.

"अय्यो! हिने यमाला घराचा पत्ता दिला!"

"आई, पुन्हा दम लागला तर परत इस्पितळात जावं लागेल," शहाजी म्हणाला.

"जाईन. तिथली इडली दगडासारखी, पण कोणाची उष्टी तर नसते!"

हेमावती पलंगाच्या कडेला बसली. "मैलापूरचे एक आजोबा, तात्ता होते. मीच आणायला गेले होते यंत्र. नव्वदी ओलांडलेली. पणतीचं बारसं झालं, पायसम खाऊन झोपले, ते उठलेच नाहीत."

आत्या ताठ बसल्या. "म्हणजे कल्याणसाव?"

पणतवंडं पाहून, भरल्या घरातून गेलेल्या माणसाच्या मरणाला इथे असं म्हणतात. त्याच्या अंत्ययात्रेत उधळलेली नाणी लोक वेचून घरी जपतात. तेवढं आयुष्य आपल्यालाही लाभावं म्हणून. आम्हा तंजावरच्या मराठी घरांनीही हे केव्हाच आपलंसं केलंय.

"मग हे आल्याआल्या नाही सांगायचं? चोरून आणल्यासारखं पुसून पुसून आणलंस!" म्हणत आत्यांनी स्वतःच नळी नाकाला लावली.

तेव्हापासून हेमावती यंत्र परत नेताना विचारते, पुढच्या घरी तुमच्याबद्दल काही सांगू का? बरीच घरं हो म्हणतात. अकाली गेलेल्यांच्या यंत्रांबद्दल काय सांगायचं, ते मात्र तिला अजून सुचलेलं नाही. मलाही नाही.