थांबवलेलं बांधकाम

बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. ब्रेकचे भाग त्याच्या टेबलावर यायचे. गेज बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. घर बांधायला काढेपर्यंत, नुसतं ठरवून ठरवून माणूस थकतो हे त्याला माहीतच नव्हतं.

तो काळेवाडीत वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. बायको साक्षी कासारवाडीच्या एका शाळेत शिकवायची. वडील धोंडीबा पिंपरीतल्या फाउंड्रीत आयुष्य काढून आता घरी बसलेले. गुडघे गेले होते, वॉकर धरून चालायचे. जिना उतरणं त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. म्हणून कुरुळीच्या बाजूला जागा घेऊन झाली तेव्हा साक्षी म्हणाली, "तयार फ्लॅट नको. आपल्याला हवं तसं बांधू. बाबांची खोली खाली, त्यांच्या बाथरूमला रुंद दार, उंबरा कुठेच नाही."

बुद्धरत्नलाही तेव्हा फार हौस होती. सुट्टीच्या दिवशी तो जागेवर जाऊन चुन्याच्या रेघांमध्ये उभा राहायचा आणि साक्षीला म्हणायचा, "आत्ता मी स्वयंपाकघरात आहे."

मालोजी नावाचा तिथलाच ठेकेदार धरला. माणूस वाईट नव्हता, पण एकाच वेळी चार कामं घेऊन बसलेला. वाळू आली तर सिमेंट नाही, दोन्ही आलं तर मिस्त्री गावच्या जत्रेला गेलेला. शिवाय रोज फोन. खिडकी सरकती का उघडती? फरशी कुठली? टाकी जिन्यावर का मागच्या बाजूला? बुद्धरत्न आधी विचार करून सांगायचा, चार जणांना विचारायचा. पुढे पुढे "कुठलीही चालेल" म्हणायला लागला. मग तेही म्हणेनासा झाला, नुसता हुंकार भरायचा. शिफ्ट सुटली की कुरुळीला उतरायचा, विटांच्या ढिगावर बसायचा आणि घरी यायचा. काय झालं विचारलं तर "चाललंय." ताटात वाढलेलं संपवायचा. कंपनीत मात्र त्याच्या हातून एकही चुकीचा भाग पुढे गेला नाही.

एका रविवारी साक्षी त्याच्याबरोबर जागेवर गेली. खालच्या खोल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, चौकटीही बसल्या होत्या. धोंडीबांच्या बाथरूमपाशी येऊन ती थांबली. दार अरुंद होतं. शिवाय पायाला लागेल एवढा उंबराही घातलेला.

"मालोजीभाऊ, हे काय?"

"मिस्त्रीची चूक हाय ताई," मालोजी डोकं खाजवत म्हणाला. "पण साहेब तर रोज बघून जात्यात. ते काय बोल्ले न्हाईत, मला वाटलं चालतंय."

साक्षीने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"कधी?"

"चौकट बसवली त्या दिवशीच."

"मग बोलला का नाही?"

बुद्धरत्न त्या दाराकडे बघत राहिला. उत्तर शोधावं असंही त्याला वाटत नव्हतं. "काय माहीत," तो म्हणाला. साक्षी मालोजीवर चिडली होती, पण ती चीड तिथेच विरली. तिला भीती वाटली.

तिनेच मग विषय काढला, की विकून टाकू आहे तसं आणि फ्लॅट घेऊ. रिक्षा करून तिघं मोशीला एका नव्या इमारतीत गेले. दिव्या नावाची एक तरुण मुलगी सॅम्पल फ्लॅट दाखवत होती. सगळं आधीच ठरलेलं. फरशी, नळ, दिवे, पडद्यांचे रंगसुद्धा. साक्षी स्वयंपाकघर बघत होती, धोंडीबा वॉकर घेऊन लिफ्टची रुंदी बघत होते. बाहेर येऊन बघतात तर बुद्धरत्न हॉलमधल्या सोफ्यावर गाढ झोपलेला. तोंड अर्धवट उघडं. साक्षी ओशाळली, उठवायला गेली.

"राहू द्या मॅडम," दिव्या हळूच म्हणाली. "पुढची पार्टी यायला वेळ आहे." आणि तिने पंखा वाढवला.

उठल्यावर तो "सॉरी" म्हणाला. खाली चहाच्या टपरीवर धोंडीबांना स्टूल मिळालं, ही दोघं उभीच राहिली.

"मग? घर का फ्लॅट?" साक्षीने विचारलं.

"तू सांग."

"ते जाऊ दे. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा."

त्याने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "काहीच वाटत नाही," तो म्हणाला. "घराचंच नाही. कशाचंच. बरेच दिवस झाले."

धोंडीबा स्टुलावरून बोलले.

"आमच्या फाउंड्रीत भट्टीपाशी लई दिवस काम केलं का हात बधिर व्हायचा. तापलेलं हाय का गार, कळायचंच न्हाई. मग मुकादम त्या माणसाला भट्टीवरनं काढायचा, झाडलोटीला लावायचा. हात माघारी येस्तवर." त्यांनी चहा संपवला. "काम बंद ठेव. जागा काय पळून चालली न्हाई."

"बाबा, तुमची खोली..." साक्षी म्हणाली.

"मी बसतो की खिडकीत. आत्तापतूर बसलोच ना?"

काम बंद झालं. मालोजीला साक्षीनेच फोन केला, तो जरा कुरकुरला आणि दुसऱ्या कामावर गेला. साक्षी बुद्धरत्नला घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याला एकदा जाऊन बोलणंही. तो शहाण्या मुलासारखा जायचा. फरक आहे का विचारलं तर म्हणायचा, "झोप लागते." कुरुळीच्या भिंतींवर गवत उगवलं.

पावसाळा सरल्यावर साक्षीने काम पुन्हा काढलं, पण आपल्या अंगावर घेऊन. वरचा मजला रद्द केला. दार फोडून रुंद केलं, उंबरा काढला. फरशी, रंग, नळ, सगळं तिनेच ठरवलं. बुद्धरत्नकडे एकच काम ठेवलं, भिंतींवर पाणी मारायचं. ते तो मन लावून करायचा.

मग ते राहायला गेले. भंतेजी आले, वंदना झाली, खीरदान झालं. धोंडीबा वॉकर घेऊन त्या दारातून उगीचच दोनदा आत-बाहेर करून आले. बुद्धरत्नने पाहुण्यांना पाणी दिलं, वाढलं, हात जोडले. कंपनीतला गणराज स्वतःही जागा बघत होता. त्याने विचारलं, "राव, एवढा ताप सोसून बांधावं का घर? खरं सांग."

"मला विचारू नकोस," बुद्धरत्न म्हणाला. "मी इथे नव्हतोच."

साक्षीने ते ऐकलं. तिच्या मनातलं उत्तर दिवसागणिक बदलायचं. धोंडीबा अंगणात उन्हाला बसलेले दिसले की बांधायलाच हवं होतं असं वाटायचं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा दिसला की नको होतं.

दोनेक महिन्यांनी, एका सकाळी, समोरच्या प्लॉटवाल्याच्या ट्रकने खडी नेमकी यांच्या फाटकासमोर ओतली. साक्षी भाकरी थापत होती. बाहेरून आवाज आला, "ए! डोळे आहेत का नाहीत? म्हातारा माणूस बाहेर पडणार कसा?"

आवाज नवऱ्याचा आहे हे कळायला तिला क्षणभर लागलं. तिने गॅस बारीक केला. बुद्धरत्न ओरडत होता, ड्रायव्हरही ओरडत होता, मध्येच धोंडीबाही काहीतरी बोलत होते. ती पिठाच्या हातांनी दाराआड उभी राहून ऐकत राहिली. भांडण लवकर मिटू नये असं तिला वाटत होतं.

तो आत आला तेव्हा लाल झालेला होता. खडी काही हलली नाही, चार-पाच दिवस तिथेच पडून होती. तव्यावरची भाकरी करपली होती. त्याने तीच खाल्ली आणि पुढचे दोन दिवस पुन्हा फारसं बोलला नाही.