आधी धुंडी

आपल्या फॅमिली ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं – तुमच्या पणजीला पालीत साक्षात गणपती दिसला, घंटा आपोआप वाजल्या! काही वाजलं नाही. मी तिथे होते. चमत्कार, दृष्ट, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण घडलं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मसाला घालणार नाही.

तुमचे बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते. माझ्या सासूबाईंची – आम्ही त्यांना आई म्हणायचो – दृष्टी पूर्ण गेली होती. त्यांना एकदा पालीला जायचं होतं. मी रोह्याहून एसटीने घेऊन गेले. परसातल्या दूर्वांची जुडी त्यांच्या डाव्या मुठीत, धुंडीविनायकासाठी.

पालीची रीत अशी, की बल्लाळेश्वराआधी मागच्या देवळातल्या धुंडीचं दर्शन घ्यायचं. बल्लाळ नावाचा मुलगा रानात एका दगडाला गणपती मानून पूजायचा. बापाने चिडून तो दगड भिरकावला, पोराला झाडाला बांधून मारलं. गणपतीने येऊन त्याला सोडवलं आणि त्याच्याच नावाने तिथे राहिला. भिरकावलेला दगड तो धुंडी. अपमान त्याचा झाला, म्हणून पहिला मान त्याचा.

आईंचा एकच हट्ट होता. “आधी धुंडी, सुमन. नायतर जायचंच कशाला?”

त्या दिवशी गर्दी फार. दोन्हीकडे रांगा, आणि परतीची गाडी चारला. मी आईंना सभामंडपातल्या एका दगडी खांबासमोर उभं केलं आणि म्हटलं, “हा धुंडी, आई. नमस्कार करा.”

हो, खोटं बोलले. आंधळ्या माणसाशी.

त्यांनी खांबाला कपाळ टेकलं. “गार हाय गो,” एवढंच म्हणाल्या. मग लांबूनच बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं आणि गाडी गाठली.

गाडीत मी म्हटलं, “दूर्वा तुमच्या हातातच राहिल्या की!”

“वाहिल्या ना.”

“कधी?”

“तू खांबाच्या पाया पडायला लावलंस, मग जाऊन आले धुंडीकडे.” त्या हसल्या. “तुझी गाडी नाय ना चुकली?”

त्यांनी मूठ उघडली. दूर्वा नव्हत्या... तळहात शेंदराने माखलेला.

पाली स्टँडवर उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत त्यांचं उजवं मनगट माझ्या हातात होतं. पर्सची चेनसुद्धा मी दातांनी ओढली होती!

घरी माझी नणंद कुसुम पेणहून आलेली होती. ती म्हणाली, “वहिनी, गर्दीत हात सुटला असेल. कुणीतरी आईला नेऊन आणलं असेल.”

“आणि मला कळलं नसेल?”

“घड्याळाकडे बघत असाल.”

आई म्हणाल्या, “कुसुम, तिनं हात नाय सोडला. दुखतोय अजून.” मनगटावर माझी बोटं उमटली होती. कुसुमने ती पाहिली आणि म्हणाली, “तू सुनेचीच बाजू घेणार!” पुढे प्रत्येक लग्नात, बारशात तिने तेच ऐकवलं – वहिनींनी आंधळ्या आईला पालीत सोडलं.

म्हणजे माझ्यासमोर पर्याय दोनच. देवाचा चमत्कार, नाहीतर सुनेचा निष्काळजीपणा. पहिला मला पटत नाही. दुसरा कबूल केला की सगळं सरळ सुटतं, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा. तिसरा मला इतक्या वर्षांत सापडला नाही, आणि आता सापडेल असं वाटत नाही.

कुणाला सांगायचंच असेल, तर आजी खोटं बोलली असं सांगा. हात सोडला असं सांगू नका.