चुकामुकीचा नियम

मी स्वभावाने यादीवाली बाई आहे. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात माझं कामच ते. प्रोजेक्टमध्ये काय काय बिघडलंय त्याची यादी करायची, प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख टाकायची आणि मग हात धुऊन लोकांच्या मागे लागायचं. घरीही तेच चालतं. नवरा कंटाळून हसतो, मुलगी कंटाळून हसतसुद्धा नाही. पण त्या वर्षी वेल्सला निघताना माझ्या फोनमध्ये जी यादी होती, ती मी कुणालाही दाखवली नव्हती. ती माझ्या बाबांची होती.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे सिंगापूरला आले. माझ्या मते कायमचे, त्यांच्या मते थोडे दिवस. कोथरूडच्या फ्लॅटची किल्ली त्यांनी शेजाऱ्यांकडे न देता स्वतःच्या पाकिटात ठेवली होती. दर पंधरा दिवसांनी विचारायचे, "मग, माझं तिकीट कधीचं काढतेस?" मी म्हणायची, "बघू." त्या 'बघू'वर वर्ष निघालं होतं.

आणि मग पाया लेबारच्या मॉलमधला तो शनिवार आला. मुलीला शाळेचे बूट घ्यायचे होते. मी, ती आणि बाबा, आम्ही तिघं आधी मॉलच्या मागच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, उसाचा रस प्यायलो आणि मग मॉलमध्ये शिरलो. सरकत्या जिन्यावरून वर जाऊन मागे वळून बघते, तर बाबा नाहीत! त्यांचा फोन घरी चार्जिंगला. आम्ही तिन्ही मजले पालथे घातले, एमआरटीचं मेट्रो स्टेशन बघितलं, शेजारचा मॉल बघितला. शेवटी पोलिसांना बोलावलं. अडीच तासांनी सापडले ते त्याच रसाच्या गाड्यापाशी. ताठ बसलेले, पिशवी मांडीवर, नजर घड्याळावर.

सापडल्याचा आनंद बाजूलाच राहिला. मी त्यांना त्या दोन पोलिसांसमोर आणि रसवालीसमोर असं काही झापलं, की आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं खायची थांबली. "अहो, जागचं हलायचं नाही एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला?" बाबा एक शब्द बोलले नाहीत. मुलगी मात्र मध्येच तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, आजोबा हरवले नव्हते. ही वॉज जस्ट वेटिंग, लाह!" मी म्हटलं, "तू गप्प बस."

त्या संध्याकाळी यादीतला पहिला मुद्दा लिहिला. बाबांची स्मृती जात चाललीय, हे मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं. वेल्सहून परत आल्यावरच्या मंगळवारची एका डॉक्टरांची वेळ घेतली आणि बाबांना सांगितलं, साधं चेकअप आहे. डॉक्टरांनी मला भीती होती तेच सांगितलं, तर बाबा पुन्हा कधी एकटे राहू शकणार नव्हते. कोथरूडची ती किल्ली त्यांच्या पाकिटातून मलाच काढून घ्यावी लागणार होती. या विचाराने माझी झोप उडाली होती.

वेल्स ही बाबांचीच फर्माईश होती. माझ्या लहानपणी एक रविवार आड ते ऑफिसातली मंडळी आणि आम्हा पोरांना घेऊन गड चढायचे. सिंहगड, तोरणा, राजगड तर किती वेळा. वेल्समध्ये पावलापावलावर किल्ले आहेत हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून एकच ध्यास घेतला. तिकिटं पाया लेबारच्या आधीच काढलेली होती. रद्द करायचं धाडस मला झालं नाही, आणि बरंच झालं.

कार्डिफला गाडी भाड्याने घेतली. नवरा गाडी चालवायचा, मी बाबांवर लक्ष ठेवायची. टेन्बीला समुद्रकिनाऱ्यावर रंगीत घरांची ओळ, खाली वाळूत टेकलेल्या होड्या, आणि वारा असा की बोललेलं उडून जावं. बाबांनी ओहोटी किती वाजता संपते हे तीनदा विचारलं. मी लिहिलं: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. सेंट डेव्हिड्सला कॅथीड्रलच्या दारात त्यांनी खाली वाकून बूट काढले, मोजे आत खोचून ते भिंतीकडेला नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी आत निघाले. "बाबा, अहो, इथे नाही काढत कुणी!" मी कुजबुजले. ते म्हणाले, "देवाचं घर आहे ना? मग झालं तर." दारातल्या म्हातारबाई हसल्या आणि त्यांनी बाबांना आत सोडलं. त्या जुन्या लाकडी छताखाली बाबा मान वर करून कितीतरी वेळ उभे होते. मी खांबाआड उभी राहून लिहिलं: ठिकाणाचं भान नाही. हार्लेकच्या किल्ल्यात दरवाजाच्या दगडाला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला आणि काहीतरी पुटपुटले. मी लिहिलं: दगडांशी बोलतात.

आता लिहितानाही मला लाज वाटते. पण तेव्हा मला बाबा दिसतच नव्हते, नुसती लक्षणं दिसत होती.

किल्ल्यात मात्र बाबा खुशीत असायचे. बुरूज गोल आहेत म्हणून शाबासकी द्यायचे, दरवाजा सरळ समोर ठेवला म्हणून नावं ठेवायचे. "आपल्याकडे वळण घेऊन दरवाजा असतो. हत्तीला पळत येऊन धडक देता आली नाही पाहिजे." मुलगी म्हणाली, "आजोबा, इथे हत्ती नाहीत." ते म्हणाले, "ते त्यांचं नशीब." आणि प्रत्येक किल्ल्यात शिरल्यावर पहिला प्रश्न एकच: "पाणी कुठे आहे?"

कॉनवीच्या किल्ल्यात उत्तर लगेच मिळालं. आठ थोरले बुरूज, पायाशी खाडी, आणि आतल्या मोकळ्या जागेत जाळी घातलेली खोल विहीर. बाबांनी वाकून आत बघितलं. "चला, हा खरा किल्ला!" मग त्यांनी खांद्यावरचा थर्मास काढला आणि आम्ही चौघांनी तिथेच उभं राहून पाणी प्यायलं. नवरा आणि मुलगी आइस्क्रीम शोधायला गावात गेले. मी आणि बाबा एका बुरुजाचा जिना चढायला लागलो.

जिना गोल आणि अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. निम्म्यावर शाळेची सहल वरून खाली आली. मी भिंतीला चिकटून कोनाड्यात उभी राहिले. पन्नास-साठ पोरं खिदळत गेली असतील. बाबा माझ्यापुढे होते. मी वर पोचले तर माथ्यावर कुणी नव्हतं, नुसते समुद्रपक्षी ओरडत होते.

मी खाली उतरले, दुसरा बुरूज चढले, तटावरून पळत तिसऱ्यावर गेले. बाबांचा फोन गाडीत. मी कठड्यावरून खाली बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन सांगितलं, पंच्याहत्तरीचे गृहस्थ, निळी टोपी. "त्यांना विसरायला होतं," असंही मी एका परक्या बाईला सांगून टाकलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि मला रडूच फुटलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आलोच, तू आधी श्वास घे." श्वास कसला घेतेय, मी पुन्हा तटाकडे पळाले.

शेवटी त्या मोकळ्या जागेत परत आले, आणि समोर विहिरीपाशी बाबा. दगडावर ताठ बसलेले, थर्मास मांडीवर, नजर घड्याळावर.

हेच मी आधी पाहिलं होतं. पाया लेबारला, रसाच्या गाड्यापाशी, ते अगदी असेच बसले होते. आणि मग माझ्या तोंडात मारल्यासारखं मला आठवलं. राजगडावर, मी नऊ वर्षांची असताना, दर खेपेला चढण सुरू करण्याआधी बाबा सगळ्या पोरांना ओळीत उभं करून वदवून घ्यायचे: चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. शेवटचं पाणी जिथे सगळ्यांनी मिळून प्यायलं, तिथे परत यायचं आणि बसायचं. आम्ही ते पाढ्यासारखं म्हणायचो. त्या नियमामुळे बाबांच्या गटातलं एकही पोर कधी हरवलं नाही.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"चाळीस मिनिटं," बाबा म्हणाले. "पोरांना वाट द्यायला मी तटाच्या दारातून बाहेर पडलो, तेवढ्यात तू वर निघून गेलीस. मागच्या वेळेला अडीच तास बसवलं होतंस."

"बाबा, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चारचौघांत लहान पोराला झापावं तशी झापत होतीस मला." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मला वाटलं, ही नियम विसरली. एवढं तोंडपाठ केलेलं कुणी विसरतं का गं? मला तर तुझीच काळजी लागली."

माझा जीव भांड्यात पडला, पण तो असा दाणकन पडला की मी तिथेच हुंदके देऊन रडले आणि मध्येच हसायलाही लागले. किती महिने मी भीतीने आतून पोखरून गेले होते, आणि विसरले होते ती मीच! मग मी फोन काढून ती यादीच बाबांच्या हातात दिली. डॉक्टरांचंही सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला आणि ऑफिसची फाइल वाचावी तशी ती शांतपणे वाचली.

"ओहोटीचं तीनदा विचारलं म्हणे. अगं, तिन्ही वेळा तू या फोनात डोकं घालून होतीस. उत्तर कुठे दिलंस?" पुढे वाचून म्हणाले, "दगडांशी बोलतात. आता गडाला नमस्कार केलेला तुला ओळखू येईना?" त्यांनी चष्मा काढून फोन परत दिला. "साप साप म्हणून भुई धोपटलीस पोरी. एकदा मला विचारायचं होतंस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. एवढं सरळ मी त्यांना आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात नवरा आणि मुलगी धावत आले. सगळं ऐकून मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मी तेव्हाच सांगितलं होतं, लाह!" या वेळी मी तिला गप्प केलं नाही. चौघांनी थर्मासमधलं उरलेलं पाणी पुन्हा तिथेच प्यायलं.

मंगळवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, बाबांच्याच आग्रहाने. "शंका ठेवू नये," म्हणाले. बाहेर बाकावर बसून मी नखं खात होते. तासाभराने डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहे, चालणं सोडू नका. एकट्याने राहायला हरकत नाही, हेही मी दोनदा विचारून घेतलं. घरी येताच मी पुण्याचं तिकीट काढलं. 'बघू' म्हटलं नाही.

निघायच्या आधीच्या शनिवारी बाबांना नवी बॅग घ्यायला पाया लेबारला गेलो. आधी रस प्यायलो, मग मॉल. लिफ्टपाशी ही गर्दी होती. मी आत ढकलले गेले, दार बंद झालं, आणि वरच्या मजल्यावर बाहेर पडले तेव्हा बाबा सोबत नव्हते. क्षणभर ती जुनी भीती वाटलीच. पण मी शोधत फिरले नाही. जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि थेट हॉकर सेंटर गाठलं.

बाबा रसाच्या गाड्यापाशी बसले होते. समोर दोन ग्लास, त्यातला माझा बिनबर्फाचा. त्यांनी घड्याळात बघितलं.

"नऊ मिनिटं," ते म्हणाले. "ठीक आहे. आता तुला एकटीला सोडून जायला हरकत नाही."