नळीवरची बोटं

"लहान पोराचा हात हाय हा," हवालदार दबक्या आवाजात म्हणाले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या आतच थांबले.

ओसरीवर दोघंच होते. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, आणि दौंडहून आलेले हवालदार. हवालदार पोलीस कॅम्पच्या शस्त्रागारातून रिटायर झालेले होते आणि बंदूक दुरुस्तीचं त्यांच्याकडे लायसन होतं. आप्पा रायफल घराबाहेर द्यायला तयार नव्हते, म्हणून तेच वडगाव रासाईला आमच्या वस्तीवर मुक्कामाला आले होते. दोघांच्या मधे गोणपाटावर ती रायफल सुटी करून ठेवलेली होती, लाकडी दस्ता एकीकडे आणि नळी एकीकडे. आजोबांच्या वेळची, एका गोळीची. खालची कडी ओढायची, एक काडतूस भरायचं, एक बार काढायचा. आप्पांना आता नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी धूसर दिसायची आणि भुईमुगात डुकरं शिरायची. म्हणून पुण्याहून दुर्बीण आणली होती. ती बसवायची तर नळीचा मागचा भाग आधी घासून उघडा करायचा, मग दोन भोकं पाडून वर पट्टी आवळायची.

घासताना दहाएक वर्षांपूर्वी आप्पांनी लावलेला काळा रंग निघाला आणि खालून चार डाग वर आले. शेजारी शेजारी, लांबट, शेवटचा सगळ्यांत लहान.

मी ट्रे ठेवला. डाग पाहिले. हात मागे घेऊन आत आले.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्याच्या अकरा वर्षं आधी, एका खंडेनवमीला, ती रायफल खुंटीवरून उतरवून पाटावर ठेवली होती. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, आणि मोठी माणसं जेवायला गेली. खोलीत मी आणि ताई राहिलो. ताई आप्पांची एकुलती मुलगी, माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी. हत्याराला पोरींनी हात लावायचा नाही असं आम्हाला बजावलेलं होतं. आम्ही लावला. पुढच्या श्रावणात ताई काविळीनं गेली. मी दौंडच्या इंग्रजी शाळेत कारणं आणि परिणाम शिकत होते, आणि मला मनातून पक्कं ठाऊक होतं की पुढची पाळी माझी आहे. ती आली नाही. पण त्या दुपारबद्दल मी कुणाला कधी काही बोलले नाही.

हवालदारांनी बारीक पॉलिश पेपरनं ते डाग घासून काढले आणि तेलाचा बोळा फिरवला. नळी चकचकीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोणपाटावर होती तशीच होती, आणि चारही बोटं परत आली होती. या वेळी नारिंगी.

हवालदार घाबरले नाहीत. भादव्यातली हवा दमट, नदी जवळ, घामाचं मीठ लोखंडात आत बसलेलं असतं, ते पाणी ओढतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. अजून दोनदा घासलं की जाईल म्हणाले. आप्पांनी त्यांच्या हातातून नळी काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माझ्या पोरीचा हात हाय त्यो."

ताईचा घरात एकच फोटो होता, शाळेच्या ग्रुपचा, आणि त्यातही तिनं ऐन वेळी मान वळवलेली. तिचे कपडे मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, वर्षाच्या आत देऊन टाकले होते. त्यामुळे आप्पांकडे मुलीचं म्हणावं असं काही नव्हतं. आता हे होतं, आणि ते नेमकं तिथेच होतं जिथे हवालदारांना भोकं पाडायची होती.

त्या दुपारी काम बंद राहिलं. लाइट गेलेली. वारा नव्हता, तरी उसात मधेच एखाद्या जागी पाती हलायची आणि थांबायची. आप्पा नळी मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी एक दोरा आणला, त्या चार बोटांची रुंदी मापली, गाठ मारली आणि दोरा घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथे त्यांनी तो कशाला लावून पाहिला ते मला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा दोरा हातात नव्हता. मोठी आई त्या दिवसापासून ओसरीवर आली नाही. चहा मलाच न्यावा लागायचा.

"ही मॅडम बोलत न्हाई व्हय?" हवालदारांनी एकदा विचारलं.

"बोलती की. पर विंग्रजी शाळंची हाय, मोजून बोलती," आप्पा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी थोडे हसले. त्या हसण्यानं मला जास्त भीती वाटली. ते आनंदात होते. तेल लावायचं नाही, पुसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या सकाळी बोटं आणखी गडद झाली होती आणि करंगळीची कडा आदल्या दिवशीपेक्षा साफ दिसत होती. आप्पा नळीकडे वाकून हळूच काहीतरी सांगत होते. मी आले तसे ते गप्प झाले. जुनी माशी परत बसवा आणि दुर्बीण परत करा, असं त्यांनी हवालदारांना सांगून टाकलं.

हवालदार बराच वेळ कानस पुसत राहिले. मग म्हणाले की सगळ्यांच्या हातानं गंज चढत नाही. शस्त्रागारात नवीन माणूस आला की त्याला पॉलिश केलेली पोलादाची पट्टी पन्नास मोजेपर्यंत धरायला लावायचे, कागदात गुंडाळून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी बघायचे. बोटं उठली तर त्याला बंदुकांना हात लावू द्यायचा नाही. आणि मग त्यांनी विचारलं, त्या वर्षांत या घरात अजून कोण लहान होतं.

आप्पा उत्तर द्यायच्या आत मोठी आई आतून बोलली, "ही यायची की सुट्टीला."

हवालदारांनी पेटीतून तीन पोलादी पट्ट्या काढून घासायला घेतल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काय बघतायत ते मला समजत होतं. माझी पट्टी सकाळी कोरी निघावी, एवढंच त्यांना हवं होतं. कोरी निघाली तर नळीवरचा हात ताईचा ठरला असता.

माझ्या शाळेतल्या कंपासपेटीला दर दोन महिन्यांनी गंज चढायचा. परीक्षेत मी हाताखाली रुमाल ठेवून लिहायचे. मला सकाळची वाट बघायची गरज नव्हती. मी भाकरीचं पीठ मळून उठले होते, कोरडं पीठ परातीत समोरच होतं. तळव्याला जरा लावलं असतं तर काही उठलं नसतं, आणि आप्पांचा आनंद राहिला असता. मी हात धुतले.

आप्पांनी आणि मोठ्या आईनं आपापली पट्टी धरली. माझी पट्टी आप्पांनी स्वतः माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. त्यांनीच पन्नास मोजले. माझ्या तळव्यातून घाम पट्टीवर उतरताना मला जाणवत होता.

चौथ्या सकाळी हवालदारांनी वर्तमानपत्राच्या तीन पुड्या सोडल्या. आप्पांची पट्टी कोरी. मोठ्या आईची कोरी. माझ्या पट्टीवर चार नारिंगी बोटं होती, आणि शेजारी नळीवर तीच चार, लहान.

हवालदारांनी पुड्यांचे कागद उगाचच घडी घालून ठेवले. आप्पांनी नळी उचलली, एकदा अंगठा त्या बोटांवरून फिरवला आणि हवालदारांकडे दिली.

"करा सुरू," ते म्हणाले, आणि भीमेच्या बाजूला तोंड करून बसले.

हवालदारांनी नळी शिकंज्यात आवळली, दोन जागी खूण ठोकली आणि हातड्रिल काढलं. मोठी आई दारात आली होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच. ती आप्पांच्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीत काहीतरी खचलेलं मलाही दिसत होतं, आणि खंडेनवमीची ती दुपार मला परत आठवली. काय घडलं ते ठाऊक असलेली आता एकटी मीच उरले होते.

ड्रिल टेकलं. मी ओसरीची पायरी उतरले आणि आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, मी नको म्हणत होते. ताईनंच माझी बोटं धरून तिथे ठेवली. वरून तिचा हात होता, घट्ट."