सावल्या चोरणारी राणी आणि आमची हक्कसोड

अकरावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून इतकी तल्लीन झालेली, की मला क्षणभर वाटलं, चला, आपलं शिकवणं सुधारलं. जवळ जाऊन बघते तर बाकाखाली जाडजूड इंग्रजी कादंबरी! मी ती जप्त केली, मुखपृष्ठ पाहिलं आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवण्याऐवजी मुकाट्याने पर्समध्ये टाकली. कारण हीच कादंबरी मी तिच्या वयाची असताना, इथेच नाशिकला होस्टेलवर राहून, अशीच पुस्तकाआड लपवून वाचली होती.

गोष्ट एका डोंगरी राज्याच्या धाकट्या राजकन्येची. तिला लोकांच्या सावल्या काढून घेण्याची विद्या येते. ज्याची सावली गेली, तो तिचं ऐकायला लागतो आणि हळूहळू विझत जातो. गादी अर्थातच भावाला मिळणार असते. मग ही बाई आधी सेनापतीची सावली घेते, नंतर प्रधानाची आणि शेवटी सख्ख्या भावाची. तो तिच्या डोळ्यांदेखत झुरून मरतो आणि बाईसाहेब त्याच संध्याकाळी राज्याभिषेक उरकून घेतात. होस्टेलवर असताना मी या राणीवर फिदा होते. वाटायचं, बाई असावी तर अशी! मेसमध्ये दुसरी पोळी मागायला मी लाजायचे, तो भाग वेगळा.

आता चाळिशी उलटल्यावर त्याच राणीने मला वैताग आणला. एवढ्या मोठ्या किल्ल्यात स्वयंपाक कोण करतं? हिला कधी ॲसिडिटी होत नाही? शिवाय लेखकाची लबाडी आता लक्षात आली. त्याने भाऊ असा रंगवलाय की तो घोड्यांना चाबकाने मारतो, नोकरांवर थुंकतो, आणि बहिणीला नावाने हाकसुद्धा मारत नाही. असल्या माणसाची सावली काढायला काय लागतं हो? त्या मुलीने त्या पानावर पेन्सिलने ‘एक नंबर!’ असं लिहिलं होतं. मी खोडरबर शोधला, मग म्हटलं जाऊ दे.

मला राग येण्याचं कारण वेगळंच होतं, हेही सांगून टाकते. त्याच आठवड्यात आमची हक्कसोड ठरली होती. वडील गेले त्याला वर्ष होत आलं होतं. दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेच्या सात-बाऱ्यावर आता आईचं, धाकट्या भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव लागलं होतं. आमच्याकडे यापुढचं सगळं ठरलेलं असतं. बहिणी सरकारी ऑफिसात जातात, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करतात, भाऊ साडी देतो, सगळे हॉटेलात जेवतात आणि माहेर चालू राहतं. सही केली नाही तर माहेर बंद. असं कुणी तोंडाने म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही.

माझी मोठी बहीण देवळ्याला दिलेली. तिने फोन करून बजावलं, “हे बघ, मी त्याला पैठणीच सांगितलीय, मोराच्या पदराची. तूपण सांगून ठेव. नायतर काहीतरी सिंथेटिक आणून हातावर ठेवील.” तिच्या वाट्याला आली असती ती बाग चांगली रस्त्याला लागून आहे. त्या बदल्यात तिने मोर पदरात पाडून घेतला होता आणि आवाजात जिंकल्याचा आनंद होता. आमच्या घराण्यातली महत्त्वाकांक्षा ही एवढी.

आणि आमचा भाऊ? गुणी हो! हीच तर पंचाईत. वडिलांच्या आजारपणात त्यांना कडेवर घेतल्यासारखं घेऊन दवाखान्यात हिंडला. फवारणी करून डोळे लाल झालेले असले तरी मला फोन करून विचारतो, “आक्का, तब्येत कशीय?” असल्या भावाला नाही म्हणायचं म्हणजे काय खायचं काम आहे? मला त्याचं काही घ्यायचं नव्हतं. बाग त्यानेच करावी, पीकही त्यानेच घ्यावं. पण त्या जमिनीच्या कागदावरून मी सगळीच पुसली जाणार, हे मला पटत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसात गेलो. आईला गुडघ्यांमुळे घरीच ठेवलं होतं. वहिनीच्या हातात साड्यांची पिशवी होती, त्यातून जरीचा काठ दिसत होता. बहिणीचा फोटो निघाला, अंगठा झाला. मग कॉम्प्युटरवरचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, कॅमेऱ्याकडे बघा.”

मी म्हणाले, “मला नाही सोडायचा हक्क.”

भाऊ हसला. “आक्का, मस्करी नको करू. दुपारनंतर यांचं सर्व्हर बंद पडतं.”

“मस्करी नाही. सगळं तूच कर, मी कधी काही मागायला येणार नाही. पण माझं नाव राहू दे.”

त्याचा चेहरा पडला. वहिनीने पिशवी हळूच पाठीमागे नेली. बहीण कळवळून म्हणाली, “अगं पण साड्या आल्यात ना!” भाऊ काही ओरडला वगैरे नाही. जिना उतरताना फक्त एवढंच म्हणाला, “तू लय शिकलीस आक्का.” आमच्याकडे ही शिवी आहे.

कादंबरीत गादीवर बसल्यावर राणीच्या केसांतून वारा वाहतो. मी रिक्षाने घरी आले, अंगावर पांघरूण घेऊन पडले आणि भरपूर रडले. भाऊ हरला म्हणून नव्हे, तो मला आता फोन करणार नाही म्हणून. सोमवारी त्या मुलीला पुस्तक परत केलं. “मॅडम, तुम्ही वाचलंत? भारी आहे ना ती?” असं तिने विचारलं. मी म्हटलं, “पेशीविभाजन वाच.”

पुढे काही दिवस माहेरून कुणाचाच फोन आला नाही. मग एका दुपारी आईचा आला. ती बागेत जाऊन बोलत असावी, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी शिव्या खायच्या तयारीने बसले. पण तिने ऑफिसातला विषयच काढला नाही.

“माझीपण सही पाहिजे म्हणतो तो,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझं नाव हाय ना त्याच्यात. उद्या घेऊन जाणार हाय मला. काय करू गं?”

मी विचारसुद्धा केला नाही. “आई, तू करून टाक सही. तुला त्यांच्यातच राहायचंय. या वयात कशाला वाकडेपणा? माझं वेगळं आहे, मला पगार आहे.”

ट्रॅक्टर बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला.

“आई?”

“हाय, हाय,” ती म्हणाली. “तुझ्या मामांनी माझी सही घेतली, तेव्हापण मला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. म्हटलं, तू तरी दुसरं काहीतरी सांगशील.”